बॅटरीचं कुंकू

आमच्या जुन्या मोटारीची इंजिनदुरुस्ती मी स्वतः केली, असं मी सांगतो. घरात मात्र ही गोष्ट ‘ह्यांनी मोटार खोलली तेव्हा’ अशीच सुरू होते.

गोवा वेगळं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. बायकोला डिचोलीच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. जागा विज्ञानाच्या शिक्षिकेची. मुलं झाल्यावरचं हे पहिलंच बोलावणं, आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. प्रश्न मराठीत विचारतील की कोकणीत, यावर कोरगावला आमच्या ओसरीवर शेजारपाजाऱ्यांसकट वाद झाला. मी त्यात पडलो नाही. मी मोटारीचं ऑइल बदललं, प्लग घासले, आणि हात नीट पोचावा म्हणून बॅटरी बाहेर काढून ठेवली.

ती नेमकी आईच्या नजरेला पडली. यंत्राला हात लावला की पूजा व्हायलाच हवी, हा तिचा नियम. शिलाईचं मशीन, विहिरीवरचा पंप, कोणी सुटत नाही. तिने बॅटरी पाटावर बसवली, वरच्या शिशाच्या दोन्ही खुंट्यांना ओलं हळदकुंकू थापलं आणि त्यावर अक्षता चिकटवल्या.

“पुसू नको हां,” ती म्हणाली. “सूनबायचं काम होईपर्यंत तसंच असू दे.”

मी आज्ञाधारक. बॅटरी जागेवर ठेवली आणि कुंकवावरूनच वायरींच्या क्लिपा आवळल्या.

सकाळी मोटार जरा कण्हली, पण सुरू झाली. आईही मागे बसली होती. धारगळच्या अलीकडे रस्त्याकडेला देवाची एक घुमटी दिसली.

“थांब रे, हात जोडते.”

थांबलो. वर पेट्रोल वाचवायचं म्हणून इंजिन बंद केलं. नमस्कार झाल्यावर किल्ली फिरवली तर काहीच नाही. एकेक बटण दाबून पाहिलं. दिवे नाहीत, वायपर नाही, हॉर्नही गप्प.

मी बॉनेट उघडलं आणि प्लगच्या वायरी उपसायला लागलो. बायको इस्त्रीची साडी सावरत शेजारी आली.

“अहो, प्लगांना काय झालंय?”

“काल त्यांनाच हात लावला होता ना.”

“हॉर्नला प्लग लागतो?”

काही प्रश्न नवऱ्याने ऐकायचे नसतात. मी पाना शोधत राहिलो.

“सगळंच एकदम गेलंय,” ती म्हणाली. “म्हणजे सगळ्यांना जिथून वीज मिळते तिथेच बघायला हवं.” तिने वाकून पाहिलं. क्लिपेखालून हळद डोकावत होती. “क्लिपेच्या आणि खुंटीच्या मधे तांदूळ बसलाय. वीज जाणार कुठून?”

हे मलाही पटलं. पण पुसणार कोण? मुलाखतीला निघालेल्या सुनेने कुंकू पुसायचं नाही आणि मला तर आईनेच बजावलेलं. आम्ही दोघं बॅटरीकडे बघत उभे. तेवढ्यात डिचोलीची बस भरून पुढे गेली.

आई खाली उतरली. “काढ त्या क्लिपा,” मला म्हणाली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून दोन्ही खुंट्या भांडी घासावीत तशा घासल्या. “माझं मी देवाशी बघून घेते. हिला वेळेवर पोचव.” मग बोटाला राहिलेलं कुंकू बॉनेटला लावून टाकलं.

मी वायरी जोडल्या, क्लिपा आवळल्या. मघाशी दाबलेलं एकही बटण मी बंद केलं नव्हतं. भर उन्हात दिवे पेटले आणि कोरड्या काचेवर वायपर किरकिरायला लागले.

“बस रे बाबा,” आई मोटारीला म्हणाली. “कळलं.”

डिचोलीला पोचलो तेव्हा बायकोच्या आधीच्या उमेदवार बाई आत जात होत्या. वेळ होता. पण मी इतका धास्तावलो होतो की किल्लीला हात लावायची हिंमतच झाली नाही. बायकोची मुलाखत संपेपर्यंत इंजिन चालूच ठेवलं. पेट्रोल गेलं तर गेलं.

बायको बाहेर आली ती हसत.

“काय गो, कशात विचारलं?” आईने विचारलं.

“दोन्हीत. पण आधी विचारलं, बाहेर ती कोणाची मोटार घरघरतेय.”

“मग?”

“आमचीच म्हटलं. बंद केली तर पुन्हा सुरू होईल की नाही, म्हणून ते बंद करत नाहीत. सगळे हसले. माझी धडधड तिथेच थांबली.”

जूनमध्ये ती त्या शाळेत रुजू झाली. पहिल्या दिवशी आईने पूजेचं ताट आणलं, आणि मी बॉनेट उघडायच्या आत बायको म्हणाली, “आई, चाकांना लावूया.”