दुरून धरलेला माणूस

फोन वाजला की आई हल्ली पदर सावरून उभी राहते, मग पलीकडे गॅसवाला का असेना. मला हसू येतं, पण मी हसत नाही.

गेल्या महिन्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवून उठताना कोसळले. हृदय थांबलं होतं. दवाखान्याने दिलेली पेटी घरात होतीच, फोनला जोडलेली. डॉक्टर तिकडून हृदय बघणार आणि ते सुरू करायला विजेचा झटकाही तिकडूनच देणार. छातीवर पट्ट्या चिकटवायच्या, एवढंच माझं काम. माझी बायको, म्हणजे त्यांची सून, समोर उभी म्हणून तेही मी संकोचाने बनियनवरूनच केलं.

"बनियन कापा," फोनमधून डॉक्टरांचा आवाज आला.

"नवा आहे हो," आई पुटपुटली, पण कात्री तिनेच आणली.

"आता सगळे दूर व्हा."

आम्ही सरकलो. आईने मात्र अण्णांचा हात धरून ठेवला होता.

"आजी, हात सोडा. मी धरलंय त्यांना इथून."

तिने सोडला. घट्ट धरणं म्हणजेच माया, असं समजणाऱ्या आमच्या घरात एवढं मोठं काम आजवर कुणी केलं नसेल.

झटका बसला, अण्णा उसळले. थोड्या वेळाने डोळे उघडून क्षीण आवाजात म्हणाले, "कुणाचा फोन?"

"तुमच्यासाठीच होता," आई म्हणाली. "माझं झालंय बोलून."