टिश्यूच्या पुडीवरचं राज्य

परदेशात, चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसात एक बलियाचे गृहस्थ होते. झारखंड वेगळं झाल्यापासून भोजपुरी बोलणाऱ्यांच्या राज्यासाठी त्यांना धीर निघत नव्हता. मंत्रिमंडळ तयार होतं. गृहखातं स्वतःकडे ठेवून त्यांनी मला, मराठी माणसाला, पाटबंधारे दिलं होतं. हॉकर सेंटरात, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, रिवाजाप्रमाणे जागा धरायला टेबलावर टिश्यूची पुडी ठेवली की म्हणत, "देखिए, कोई नहीं बैठेगा. हमारे यहाँ भी यही कानून होगा."

एकदा गावाहून परतल्यावर त्यांनी सांगितलं. बलिया स्टेशनात बाकावर पुडी ठेवून ते पाणी आणायला गेले होते. येऊन बघतात तर बाकावर चौघं, आणि त्यातला एक त्यांच्याच टिश्यूने निवांत नाक पुसतोय.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"गृह मंत्रालय हम उसी को दे दिए."