अक्काला माहीत होतं

माझी थोरली बहीण सरलाबाई, आमची अक्का, आयुष्यात कधी गप्प बसलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी कुठं फसलो ते कळेल. बारावीनंतर मी काय शिकावं, कुठल्या मिलमध्ये चिकटावं, हर्षदाशी लग्न करावं की नाही, सगळं अक्कानं ठरवलं. कुकर तीन लिटरचा घ्यावा की पाचचा, यावर तिनं हर्षदाला अर्धा तास झापलं होतं. मला समोरून गाडी येताना दिसली नाही तर अक्काला चार गल्ल्या पलीकडून दिसते, असा माझा तिच्यावर विश्वास.

आम्ही मूळ खानदेशातले, शिंदखेड्याकडचे. वडील लूमवर कामाला सुरतेला आले आणि आम्ही तिथल्या गोडादऱ्यातच वाढलो. अक्का दिली ती पण इथंच, उखा दाजींना, तेही लूमवर. पोरं मोठी झाल्यावर तिनं बाहेरून बी.कॉम. केलं. मग घरोघरचे सर्वे केले, कधी डासांचे, कधी रेशनचे. चार वर्षांपूर्वी एका एजन्सीतर्फे तिला कंत्राटावर जरा वेगळं काम मिळालं. देशात नवं काही शोधायचं काम किती माणसं करतात, त्यात बायका किती, कारखाने त्यावर किती खर्च करतात, हे आकडे दिल्लीला हवे असतात. मोठ्या संस्था आपापले आकडे पाठवतात. सुरतेतल्याच पांडेसऱ्यातल्या मिलवाल्यांकडून मात्र कुणीतरी गेटवर उन्हात उभं राहून मागून आणावे लागतात. ते कुणीतरी म्हणजे आमची अक्का.

आणि मिलवाले म्हणजे काय नमुने आहेत हो! बाई वही घेऊन आली की यांना वाटतं टॅक्सवाली, नाहीतर प्रदूषणवाली. "शेठ बहारगाम गया छे." एका ठिकाणी तिला अकरा वेळा हेच सांगितलं. बाराव्या वेळी ती आवारात लावलेल्या शेठच्या गाडीलाच टेकून उभी राहिली. संध्याकाळी शेठ गाडीत बसायला आला आणि बॉनेटवर कागद ठेवून फॉर्म भरून दिला. ती प्रत्येकाला एकच सांगते: "तुमचा आकडा सगळ्यांच्या बेरजेत जाईल. तुमचं नाव, तुमचं काम, कुणाला कळणार नाही. मी लिहून दिलंय तसं." एवढ्या एका वाक्यावर तिचं सगळं काम चालतं. ते वाक्य खोटं पडलं तर दुसऱ्या दिवसापासून एकही गेट उघडणार नाही.

मी होतो भूपेंद्रभाईंच्या मिलमध्ये, कापड रंगवायच्या. आमची पाच जणांची लॅब. गिऱ्हाईक बोटभर चिंधी पाठवतं, म्हणतं हाच रंग पाहिजे, आणि धुतल्यावर उतरता कामा नये. आम्ही छोट्या भांड्यांत सहा-सात वेळा करून बघतो, जमलं की मग मोठ्या मशीनला देतो. माझा डोळा चांगला आहे, हे मी नाही, शेठच म्हणायचे. "योगेंद्र, येत्या वर्षी लॅब तुझी," असंही म्हणाले होते. मी येडा, घरी जाऊन पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अक्का आमच्याच मिलला आली. आपला भाऊ तिथं आहे, हे तिनं एजन्सीत सांगितलं होतं. ते म्हणाले, माणसं नाहीत, तुम्हीच जा. शुक्रवारची दुपार होती. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं, लॅबबद्दल विचारताहेत म्हणून. बघतो तर समोर अक्का, गळ्यात कार्ड, चेहरा असा की मला ओळखतच नाही.

"आपलं शिक्षण?" तिनं विचारलं.

मला हसू आलं. "अक्का, तूच तर घातलंस ना कॉलेजात!"

"आपण सांगा, मी लिहिते."

मग विचारलं, दिवसातला किती वेळ नवं करून बघण्यात जातो आणि किती रोजच्या कामात. मी सांगितलं. तिनं लिहिलं: शून्य पूर्णांक चार. म्हणजे दिल्लीच्या हिशेबात मी अर्धाही माणूस नाही! मी चिडलो. ती म्हणाली, सगळ्यांचं असंच मोजतात, आणि मला बाहेर जायला सांगितलं. पुढच्या वर्षीचं पान शेठनी भरायचं होतं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. मी जिन्याशी उभा होतो, चहा पाजावा म्हणून. ती माझ्याजवळून गेली, थांबली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

त्या पानावर काय होतं ते आता सांगतो, मला मात्र तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी लॅबमध्ये माणसं किती, या रकान्यात शेठनी शून्य लिहिलं होतं. दिवाळीच्या आधी लॅब बंद. रंग जुळवायचं काम बाहेर देणार. आधी कळलं तर माणसं हातातलं काम टाकून पळतील, म्हणून कुणाला सांगायचं नव्हतं. अक्कानं त्यांना ते वाक्य ऐकवलं होतं ना, त्या भरवशावर त्यांनी खरं लिहिलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मला इच्छापोरहून बोलावणं आलं होतं. तिथल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये जागा होती. पगार इथल्याएवढाच, घरापासून लांब, पण जागा पक्की. सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. हर्षदा म्हणाली, "मला काय विचारता, अक्कांना विचारा." आमच्या घरात हेच चालतं.

रविवारी सकाळी मी अक्काकडे गेलो. ती कळण्याच्या भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, इच्छापोर असं, भूपेंद्रभाई तसे, लॅब मला देणार म्हणताहेत. मग विचारलं, "जाऊ का राहू?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"अक्का, काय करू?"

"तुझं तू ठरव."

मी हसलो. आजवर माझं मी काही ठरवलं होतं का? "अगं, थट्टा नको. उद्या दुपारपर्यंत सांगायचंय."

"मला विचारू नको, योगू."

"मग कुणाला विचारू?"

"मला विचारूच नको म्हणते ना!" ती केवढ्यानं तरी ओरडली. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती आणि तिचं लक्ष नव्हतं. दाजी खाटेवर बसले होते, ते एकदा तिच्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, गळ्यात कार्ड आलं आणि बाई शेफारली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. न जेवताच उठलो.

रस्ताभर मी तिच्या त्या गप्प बसण्याचाच विचार करत होतो. आणि इथंच मी माती खाल्ली. मला वाटलं, अक्का परवाच आमच्या शेठसमोर बसून आली आहे, मिलचे सगळे कागद बघून आली आहे. काही धोका असता तर ही बाई गप्प बसली असती? हिनं माझी कॉलर धरून मला इच्छापोरला नेऊन सोडलं असतं. ज्या अर्थी बोलत नाही, त्या अर्थी सगळं ठीक आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता मी इच्छापोरला फोन करून नाही म्हणून कळवलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेठनी आम्हा पाचही जणांना केबिनमध्ये बोलावलं. महिनाअखेर लॅब बंद. आमच्यातला नितीन, त्याची बायको बाळंतीण, तो शेठच्या टेबलाशी गेला. म्हणाला, "शेठ, आधी तरी सांगायचं." शेठ म्हणाले, "हे काय आजचं आहे? ऑगस्टमध्ये सरकारी फॉर्ममध्ये लिहून दिलंय मी." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तारी बेनने पूछ."

 तिथून मी थेट अक्काच्या घरी गेलो. चपला काढल्या का नाही, आठवत नाही.

"अक्का, तुले माहीत व्हतं?"

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "हा. माहीत व्हतं."

"दीड महिना?"

"हा."

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तू बहीण नाहीस, तू शेठची माणूस, माझ्या घरात अंधार करून दिल्लीत दिवा लावलास, असलं सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी दाजी उठले. "फॉर्म भरून आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती तुझ्या शेठकडे परत गेली होती," ते म्हणाले. "तुम्ही तुमच्या माणसांना तुमच्या तोंडानं सांगा, म्हणून हात जोडले तिनं. त्यानं एजन्सीत तक्रार केली. तिचं काम जाता जाता राहिलं."

"गप बसा तुम्ही," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "योगू, तुला सांगितलं असतं तर तू नितीनला सांगितलं असतं. आणि ते तुझं बरोबरच असतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पांडेसऱ्याला कळलं असतं. मग मी कुणाच्या गेटवर कुठल्या तोंडानं उभी राहिले असते? मी रोज मेले रे. रोज."

"मग मरायचं होतंस पुरतं," मी म्हणालो आणि निघालो. बोललो ते बोललो. आज जीभ हासडावीशी वाटते.

भाऊबीजेला मी गेलो नाही. अक्का ताट करून दुपारी चारपर्यंत उपाशी बसली होती, हे हर्षदाकडून कळलं. तरी नाही गेलो. इच्छापोरची जागा केव्हाच भरली होती. चार महिने मी कापड मार्केटमध्ये गठ्ठे उचलले. माझा डोळा चांगला, आणि मी पाठीवर गठ्ठे वाहत होतो! प्रत्येक गठ्ठ्याला अक्काच्या नावानं एक शिवी घालायचो.

मार्चमध्ये मगनभाईंकडे काम लागलं. पांडेसऱ्यातच, पत्र्याची छोटी शेड, माणसं सात. पण मगनभाई म्हणजे अवलिया माणूस. निम्म्या पाण्यात कापड रंगवायची काहीतरी युक्ती त्यांनी पाच वर्षं खपून काढली आहे आणि अजून कुणाला सांगितलेली नाही. दोनदा त्यांची माणसं फोडली गेली, तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या सावलीवर भरवसा नाही. गेटला आतून कुलूप.

मे महिन्यात एका दुपारी वॉचमन आला, म्हणाला, सर्वेवाली बाई आली आहे, तिसऱ्यांदा. मगनभाईंनी हात झटकला. "ना पाडी दे, नाही म्हणून सांग." मी सहज खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेर अक्का उभी होती, डोक्यावर पदर, कडक ऊन. सात महिन्यांनी पाहत होतो. वाळली होती.

मगनभाईंनी माझा चेहरा पाहिला. "ओळखतोस?"

"हो."

"काय विचारते ही?"

"नवं काय शोधता, किती माणसं लावता, किती खर्च करता, पुढं काय करणार."

"अरे बापरे!" ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे माझं सगळं पोटातलं! आणि बाहेर जाऊन कुणाला सांगितलं तर? खरं बोल योगेंद्र, या बाईवर विश्वास ठेवायचा?"

 एक 'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पांडेसऱ्यात एक शेठ नाही म्हणाला की शेजारचे चार जण म्हणतात. पोटात सात महिन्यांची आग होती. आणि खरं सांगायचं, तो 'नाही' माझ्या जिभेवर आलाही होता.

"शेठ," मी म्हणालो, "ती माझी सख्खी बहीण आहे. माझी नोकरी जाणार हे तिला दीड महिना आधी माहीत होतं. मी तिच्या दारात जाऊन हात पसरले. तरी तिनं मला सांगितलं नाही."

 मगनभाईंनी खिशातून किल्ली काढून वॉचमनकडे फेकली. "बेनने अंदर बोलाव. पंखा चालू कर."

अक्का आत आली. मला पाहिलं आणि दारातच थबकली. मी पाण्याचा ग्लास पुढं केला, तिनं घेतला.  मगनभाईंनी टेबलाच्या खणातून आपली वही काढली आणि मला म्हणाले, "बस ना तू पण, तुझीच तर बहीण."

"नको शेठ," मी म्हणालो. "हे मला कळता कामा नये."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.