अनुस्वार राहिला

आमच्या मूल गावाच्या बाजूला बायका हातावर फुलं गोंदवून घेत, नाहीतर विंचू. मला अक्षरं हवी होती. गावातली सातवी पास झालेली एकटी सून मी, आणि ती सातवी मी कपाळाच्या कुंकवासारखी मिरवायचे. दुसऱ्या बाळंतपणात मुलगी झाली तेव्हा ठरवलं, हिचं नाव माझ्या हातावर, आणि तेही शुद्ध.

नवरा आलापल्लीला लाकडाच्या डेपोत. जाताना त्याने पाटीवर तिचं नाव लिहिलं, शेवटी ह्रस्व वेलांटी देऊन. मी ती पुसून दीर्घ केली. पहिल्या अक्षरावरचा अनुस्वारही तो विसरला होता. त्या काळी न उच्चारायचे अनुस्वारसुद्धा लिहीत, आणि मी त्यातला एकही सोडत नसे. मग माझ्याच लेकीच्या डोक्यावरचा कसा सोडणार?

सासूबाईंना मात्र तेच नको होतं. पहिला मुलगा झाला तेव्हा मी त्याचं नाव पाळण्यावरच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं. पुढच्या अमावस्येला पाळणा रिकामा.

"नाव पुरं लिवू नको," त्या म्हणाल्या. "काई तरी कमी ठेव. पुरं असलं का त्याले वाचता येते."

"मरण कितवी शिकलं आहे, बाई?" मी म्हटलं.

"त्याची शाळा तुह्या शाळेपरीस जुनी आहे."

मला हसू आलं होतं. काय टवळी होते मी.

थंडीत गोंदणारीण आली. तिने काजळीत माझंच दूध पिळायला लावलं, तीन सुया एकत्र बांधल्या आणि ओसरीत माझा हात गुडघ्यावर दाबून धरला. अक्षरं मी काडीनं आधीच काढून ठेवली होती. ती त्यांवरून टोचत चालली. सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन समोर बसल्या. वेलांटी झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तरी म्हटलं, "शेपटी अजून ओढ. दीर्घ आहे ती."

सगळं झालं, उरलं फक्त वरचं टिंब.

"पोरगी तापली," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, अडवायला सांगतायत. गोंदणारणीने सुया शाईत बुडवल्या. मी मोकळ्या हातानं मुलीच्या पोटाला शिवले. भाकरीच्या तव्यासारखं.

"सकाळपासून?"

"आत्ताच."

सासूबाईंचे ओठ पांढरे पडले होते. अडवायला बोलणाऱ्या बाईचे ओठ असे होत नाहीत.

"टिंब देऊ का नाई, बाई?" गोंदणारीण म्हणाली. "शाई सुकून राह्यली."

मी हात ओढून घेतला. इतका जोरात, की तिची वाटी कलंडली.

बैलांची दमणी जुंपून आम्ही मूलच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडरनं कडू औषध दिलं. ते मुलीनं माझ्या अंगावर ओकलं, पुन्हा दिलं. सगळ्या रस्त्याभर सासूबाई तिच्या कपाळावर ओलं फडकं धरून होत्या आणि मी दुसऱ्या हातानं माझा गोंदलेला हात पदराखाली झाकून धरला होता. कोणापासून, ते मला विचारू नका. सातवीच्या पुस्तकात ते नव्हतं.

ताप उतरला. पुढच्या हिवाळ्यात मुलगी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती, तेव्हा तीच गोंदणारीण परत आली. सासूबाईंनीच तिला हाक मारली.

"ये व, हिचं टिंब राह्यलं आहे. आता पोरीले दात आले, पाय फुटले. देऊन टाक." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बस नं. शिकलेली बाई अन् नाव चुकलेलं, लोक हासून राह्यले."

मी पदर मनगटापर्यंत ओढला.

"आज नको, बाई. हात लई दुखून राह्यला."

सुया अजून गोंदणारणीच्या पोतडीतच होत्या.