नलूने शिकलेली एकच खूण

धरणगावहून पुण्याला निघाले त्या संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या खिडकीखाली माय, आबा आणि माझी धाकटी बहीण नलू उभी होती. नलू जन्मापासून बहिरी. ती दोन्ही हातांनी मला काहीतरी सांगू लागली, तर मायने तिचे हात धरून खाली दाबले. ‘‘हात खाले ठेव, लोक हासतस.’’ तेवढ्यात गाडी सुटली.

मायला दुष्ट म्हणू नका. नलू लहान असताना एका डॉक्टरने सांगितलं होतं, हातवारे करू दिले तर पोर बोलायचा आळस करेल. मायने ते मनावर घेतलं. नलूच्या तोंडून एकदा ‘माय’ ऐकायला तिचा जीव टांगणीला लागला होता. शब्द काही आला नाही, आणि हातही गप्प झाले.

पुण्यात मला मुलगी झाली, ओवी. सोसायटीतल्या बायका तान्ह्या लेकरांना घेऊन बेबी साइनच्या क्लासला जायच्या, मीही जाऊ लागले. बोलता येण्याआधी बाळाने हातांनी सांगावं, म्हणून. मूठ उघडमीट केली की दूध, बोटांची टोकं जुळवली की अजून, दोन्ही तर्जन्या समोरासमोर आणल्या की दुखतंय. चांगल्या ऐकू येणाऱ्या पोरांना हौसेनं हातवारे शिकवत होते! ओवीनं पहिल्यांदा दूध मागितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, मग संताप आला. तो कुणावर काढायचा ते कळेना.

व्हिडिओ कॉलवर नलू ओवीचे हात टक लावून बघायची. ओवीला दात येत होते. ती गालापाशी तर्जन्या आणून रडायची, मी तिथे हात फिरवायचे. नलूला ते बरोबर कळलं. एके सकाळी माय कापूस वेचणीचं सांगत होती आणि मागे नलूनं दोन तर्जन्या समोरासमोर आणल्या, पोटापाशी.

‘‘माय, नलूनं पोट दुखस!’’ मी ओरडले.

‘‘काही नही वं, पोरनी नक्कल करस ती.’’

नलू खूण करतच राहिली. मग मी आबांना फोन लावला, ते तिला जळगावला घेऊन गेले. पोटातली गाठ जुनी होती. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस ही पोर बोलली कशी नाही? उन्हाळा लागायच्या आत नलू गेली.

ओवी आता घडाघडा बोलते, निम्मं इंग्रजीत. खुणा विसरली.

गाव सोडलेल्यांना घर म्हटलं की कळण्याची भाकरी आठवते, भरीत आठवतं. मलाही आठवायचं. आता मी पोचले की माय चहासुद्धा टाकत नाही. मला बाजूला घेते, नलूचा एखादा जुना हातवारा आठवून तसाच करून दाखवते आणि विचारते, ‘‘हाई काय शे वं? काय सांगत व्हई ती?’’

मला ते येत नाही. क्लासमध्ये एवढंसंच शिकवलं होतं, आणि नलूची भाषा तिची तिनंच केलेली होती. घरी जायचं म्हटलं की त्या प्रश्नाची भीती वाटते. तरी मी जाते. मायला विचारायला दुसरं कोणी नाही.