टाचेखालचा हात

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. स्नायूची ताकद हाताने तपासून तिला शून्य ते पाच अशी श्रेणी देतात, पाच म्हणजे पूर्ण ताकद, हे फिजिओथेरपीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पडताळता येईल. त्या दुपारी अंबरनाथ पूर्वेतल्या आपल्या क्लिनिकमध्ये मायाताई खंडागळे यांनी समर्थ भोईरच्या डाव्या पायाला दोन दिले, आणि ते त्यांना स्वतःलाच पटेना.

उल्हासनगरच्या व्यायामशाळांतले वजन उचलणारे, बदलापूरच्या आसपासच्या गावांतले कबड्डीपटू, सगळे त्यांच्याकडे येत. इतक्या वर्षांत एक समज त्यांच्या मनात पक्का बसला होता: खेळाडू दुखणं लपवतो. सांधा अडला तरी दातओठ खाऊन वाकवून दाखवतो. दुखणं वाढवून सांगणारा खेळाडू त्यांनी पाहिला नव्हता.

एकोणीस वर्षांचा समर्थ गावच्या संघाचा चढाईपटू. डिसेंबरात एका चढाईत त्याच्या डाव्या मांडीचा मागचा स्नायू फाटला होता, आणि गेला महिनाभर तो मायाताईंकडे उपचाराला येत होता. पुढच्या रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती. तो खेळणार की नाही, ते आज ठरायचं होतं.

"मॅडम, आमच्या येलेला हलद लावली का उतरायचो मैदानात," पडद्यापलीकडून त्याचे वडील शिवराम म्हणाले.

"म्हणून तर आज जिना चढताना कठडा धरता, काका."

शिवराम हसले. समर्थ हसला नाही.

मायाताईंनी त्याला पालथं झोपवून डावी मांडी वर उचलायला सांगितली. ती गादीवरून सुटेना. मग उताणं करून त्यांनी स्वतः तो पाय सरळ वर नेला, कोनमापक लावला. उजव्याइतकाच गेला. ओढ नाही, कळ नाही. दाबून पाहिलं, स्नायू भरून आलेला. मग ताकद गेली कुठे?

कॉलेजात शिकलेली, पण खेळाडूवर कधी न वापरलेली एक तपासणी त्यांना आठवली. त्यांनी तळहात डाव्या टाचेखाली सरकवला.

"ही टाच खाली दाब."

टाच नुसती हातावर पडून राहिली.

"राहू दे. आता उजवा पाय उचल. मी वरून धरते, तू जोर लाव."

समर्थने उजवा पाय रेटला. त्याच क्षणी डावी टाच त्यांच्या तळहातात अशी रुतली की बोटं गादीत दबली. एक पाय जोराने उचलताना दुसरा आपसूक खाली रेटतो, हे मायाताईंना ठाऊक होतं. पण महिनाभर ज्या पायाला त्या कमजोर समजत होत्या, तो हा होता.

"कळलं तुला? आत्ता डावा पाय किती जोरात दाबलास?"

"कोणी, मी?" समर्थ कोपरांवर उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाय मॅडम. मी कायच नाय केलं."

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. या वेळी समर्थ स्वतःच्या टाचेकडे परक्याची वस्तू बघावी तसा बघत राहिला.

पडदा सारून शिवराम आत आले. "म्हंजे नाटक करतोय हा?"

"ते माझ्या हाताला कळत नाही, काका."

"मग कलतंय काय?"

"स्नायू बरा झालाय, एवढं. पण सांगून पाय हलत नाही, तोवर मैदानात पाठवणार नाही. आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू, मग मनाच्या."

"येडा ठरवता काय पोराला?"

"नाही. उलट खोटा ठरू नये, म्हणून सांगतेय."

शिवराम मटकन स्टुलावर बसले. मुलाला रागवायला उचललेला हात त्यांनी त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

पुढच्या रविवारी समर्थ चाचणीला उतरला नाही. सांधा मोकळा होता, स्नायू लवचीक होता, ताकद शाबूत होती. एवढं तपासून सिद्ध झालं आहे. तो पाय उचलत नव्हता की त्याला उचलताच येत नव्हता, हे त्या तपासणीतून कळत नाही. डिसेंबरातल्या त्या चढाईत स्नायूखेरीज आणखी काय दुखावलं, तेही अजून माहीत नाही.