ओव्याची धुरी

आमच्या केंद्राच्या आतल्या फाटकावर एक पाटी आहे. अत्तर नको, सेंट नको, वासाचा साबण नको, असं तिच्यावर इंग्रजी, अरबी आणि हिंदीत लिहिलंय. ती पाटी मी लावली. गेली अठरा वर्षं मी अबुधाबीबाहेरच्या वाळवंटातल्या या केंद्रात चित्त्यांची डॉक्टर आहे. नुकत्याच व्यालेल्या मादीजवळ कोण काय लावून निघालंय ते मला दहा पावलांवरून कळतं, असा माझा दावा होता. नाक माझं तिखट आणि जीभ त्याहून तिखट, हे माझ्या घरचेही सांगतील.

या जिभेचा तडाखा सगळ्यात जास्त बसला तो आमच्या पठाणाला. पन्नाशीचा माणूस, दाढी पिकलेली, माझ्याही आधीपासून चित्त्यांचं खाणंपिणं आणि साफसफाई बघणारा. एका शुक्रवारी तो नमाजाहून थेट कामावर आला आणि फाटकातच अत्तराचा भपकारा आला. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "पढना नहीं आता? यल्ला, बाहर!" तो "जी मॅडम" म्हणाला आणि नळाखाली दोनदा मान धुऊन आला. तरी मी त्याला दिवसभर आत घेतलं नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही. नियम म्हणजे नियम.

त्याच सुमारास माझी मुलगी बाळंतपणासाठी आमच्याकडे खलिफा सिटीतल्या फ्लॅटवर आली होती. मुलगी झाली तिला. नातीला न्हाऊ घालायचं काम मी कोणालाही दिलं नाही. पायांवर आडवं घ्यायचं, तेल चोळायचं, टाळू भरायची, कडकडीत नाही पण चांगलं गरम पाणी घालायचं आणि मग ओवा-वेखंडाची धुरी द्यायची. पहिल्या दिवशी निखारे केले तर छतावरचा स्मोक अलार्म बोंबलला आणि वॉचमन धापा टाकत वर आला. मी हार मानणाऱ्यातली नव्हे. मुलीला तिच्या ऑफिसातल्या एका अरब मैत्रिणीने ऊद जाळायचं विजेचं भांडं भेट दिलं होतं, सोनेरी, नक्षीदार. मी त्यात ओवा टाकला. धूर बेताचा, अलार्म गप्प, बाळ मस्त धुपलं.

मुलगी दाराशी उभी राहून म्हणायची, "आई, लेट मी डू इट वन्स."

"तुला नाही जमायचं," मी सांगायचे. "माझ्या हाताला गुण आहे."

बाळ रोज आंघोळीला किंचाळायचं. रडल्याने छाती मोकळी होते, असं मी ठोकून द्यायचे.

आता कामाचं सांगते. आमच्या दोन माद्या शेजारशेजारच्या खोल्यांत होत्या. कागदावर त्यांना नंबर आहेत, मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. थोरलीला तीन पिल्लं झाली आणि चार दिवसांनी धाकटीला एकच झालं. मी प्राण्यांच्या प्रजननाचं काम करते म्हटलं की लोक आधी पांडाचं विचारतात, कारण टीव्हीवर तेच दिसतात. पांडाला जुळी झाली तर ती बहुतेक वेळा एकच जगवते, मग माणसं आलटूनपालटून पिल्लं तिच्याकडे देतात. चित्त्यांचं नेमकं उलटं. एकच पिल्लू झालं तर त्याचं एकट्याचं ओढणं पुरत नाही, आईचं दूध आटतं आणि काही दिवसांत ती त्याला सोडून उठते.

गेल्या वर्षीही धाकटीला एकच झालं होतं. मी ते बाटलीवर घेतलं. नऊ दिवस मी दर दोन तासांनी दूध पाजलं, आणि दहाव्या दिवशी सकाळी ते माझ्या तळहातावर गार झालं. इतक्या वर्षांच्या डॉक्टरने रडू नये म्हणतात. मी रडले, आणि हे परत होऊ देणार नाही असं त्याच दिवशी ठरवलं.

म्हणून यंदा तिसऱ्या दिवशी पिल्लाचं वजन घटलेलं दिसताच मी वाट बघत बसले नाही. ते थोरलीच्या पिल्लांत मिसळायचं ठरवलं. थोरलीला बाजूच्या अंगणात मांस दाखवून बाहेर काढायचं, मधलं दार लावायचं, नवं पिल्लू तिच्या गवतावर घासून तिच्या तिघांत ठेवायचं, आणि दार उघडायचं. वासाने ते तिला आपलं वाटलं तर जगलं. परकं वाटलं तर ती त्याला मारू शकते, आणि फारच बिथरली तर स्वतःच्या तिघांनाही टाकू शकते. चार जिवांचा प्रश्न होता.

मंगळवारी सकाळी नातीची आंघोळ आटपून मी कामावर आले. पठाण म्हणाला, "मॅडम, मैं रख दूँ अंदर?" मी म्हटलं, नको, हे मी करणार. हातमोजे घातले, पिल्लू गवतावर दोन्ही बाजूंनी चांगलं घासलं, तिघांच्या मधोमध ठेवलं आणि कॅमेऱ्याच्या खोलीत येऊन बसले. पठाणाने दार उघडलं.

थोरली आत आली. पिल्लांवर नाक नेलं आणि तिथेच थबकली. ओठ वर गेले. तिने गवत हुंगलं, मी जिथे गुडघे टेकले होते ती जागा हुंगली आणि फिस्कारली. मग तिने स्वतःचं एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि सरळ बाहेर उन्हात नेऊन टाकलं. ती दुसऱ्यासाठी वळलीच नाही. अंगणात येरझारा घालत राहिली.

माझी भीती नेहमीप्रमाणे रागातून बाहेर पडली. मी धावत जाऊन पठाणावर ओरडले, "अत्तर लगाया क्या तुमने?"

"मैंने कुछ नहीं लगाया, मॅडम," तो म्हणाला. "बुरा मत मानना. आज खुशबू आपके पास है. अजवाइन का धुआँ. बालों में है." आणि मग अगदी हळू, "घर में बच्चा हुआ है ना? हमारे यहाँ भी अम्मा धुआँ करती थीं."

मी वेणी पुढे घेऊन हुंगली. मला काहीच आलं नाही. तीन आठवडे त्या वासात राहून माझं तिखट नाक त्याच्याबाबतीत बधिर झालं होतं.

"सुबह से पता था?"

"जी."

"तो बोला क्यों नहीं?"

त्याने खाली बघितलं. "आप से कौन बोलेगा, मॅडम."

मला शरम वाटली. अशी शरम मला फार वर्षांत वाटली नव्हती. या माणसाला अत्तराच्या एका बोटासाठी मी दिवसभर उन्हात ठेवलं, आणि मी केसांत अख्खी बाळंतिणीची खोली घेऊन आत गेले तर मला सांगायची त्याची छाती झाली नाही. ती भीती मीच कमावलेली होती आणि तिची किंमत ते पिल्लू मोजणार होतं.

"तुम करो," मी म्हटलं. "मैं दूर रहूँगी." आणि मी कॅमेऱ्याच्या खोलीत परत गेले.

त्याने थोरलीला मांसाने पुन्हा अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेलं, बाहेर टाकलेलं पिल्लू आत आणलं आणि दार लावलं. मी टेकले होते तिथलं गवत काढून टाकलं आणि थोरलीच्या जुन्या जागेवरचं ओलं, घाण गवत अंथरलं. त्याच्यात त्याने चारही पिल्लं एकत्र चोळली, कणीक मळावी तशी, सावकाश. धाकटीचं पिल्लू सगळ्यांच्या खाली ठेवलं. दार उघडलं आणि खिडकीखाली कान देऊन बसला.

थोरली आली. हुंगत राहिली, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग ती कॅमेऱ्याकडे पाठ करून आडवी झाली आणि मला तिच्या पाठीवरच्या ठिपक्यांखेरीज काही दिसेना. तेवढ्यात वॉकीटॉकी वाजला.

"खलास, मॅडम."

इथे दिवसातून पन्नास वेळा हा शब्द ऐकते. झालं, आटपलं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या क्षणी माझ्या कानांनी फक्त मराठी ऐकली: पिल्लू मेलं.

"क्या खलास?" मी ओरडले.

"काम खलास. चारों पी रहे हैं. छोटेवाला सबसे ज़ोर से."

मी तिथेच खुर्चीत बसून रडले. यावेळचं रडू वेगळं होतं.

संध्याकाळी घरी येऊन मुलीला सांगितलं, "उद्यापासून धुरी बंद. आणि आंघोळ तू घाल, माझ्या अंगाला तेलाचा वासही नको." दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात मागे बांधून बाथरूमच्या दारात उभी राहिले. तिने पाणी माझ्यापेक्षा कोमट घेतलं, ते मी बघितलं आणि जीभ चावून गप्प बसले. बाळ रडलं नाही. एकदाही नाही. डोळे मिटून पायांवर पडून राहिलं.

शुक्रवारी पिल्लांची वजनं होती. तीन दिवस मी आत पाऊल टाकलं नव्हतं. पठाण नमाजाहून आला, केस ओले, अंगाला पाण्याखेरीज कसलाही वास नाही. सगळी माणसं फाटकाशी उभी होती, मागच्या वेळी होती तशीच. मी त्याच्यासमोर डोकं वाकवलं. "देखो, आती है क्या बास?"

तो ओशाळला. मी तशीच उभी राहिले. शेवटी त्याने हातभर अंतरावरून हुंगलं.

"मॅडम, हींग."

सकाळची आमटीची फोडणी! सगळे हसले, मीही हसले. "तो मैं अंदर आऊँ?" मी विचारलं.

"नहीं मॅडम," तो म्हणाला.

अठरा वर्षांत तो मला पहिल्यांदा नाही म्हणाला होता. मी पाटीखाली थांबले. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला. धाकटीच्या पिल्लाचं वजन वाढलं होतं.